बेळगावात घर-साईट घेतलीय? पावसाच्या पाण्याचे पैसे कुठून जातात, गटार कुणाचं आणि आपण काय करायचं

नवीन घर किंवा साईट (म्हणजे प्लॉट) घेतलेली माणसं पहिल्याच पावसाळ्यात हे विचारतात, की आम्ही एवढी घरपट्टी भरतोय मग दारातलं गटार तुंबलंय ते काढायचं कुणी, आणि पावसाच्या पाण्याची वेगळी फी असते काय, ती भरली नाही म्हणून कोण येत नाही काय. तर सांगतो. आपल्याकडं घरपट्टीच्या चलनात पावसाच्या पाण्याची अशी वेगळी ओळ नसते. गटारं, नाले, त्यांची सफाई, त्यावरच्या फरशा, हे सगळं घरपट्टीच्या जमेतून आणि राज्य-केंद्राच्या अनुदानातून होतं. पैसे तुम्ही देताय, फक्त ते एका मोठ्या आकड्यात मिसळलेले असतात म्हणून दिसत नाहीत. आणि दिसत नाहीत म्हणूनच आपण किती देतो, कशाबद्दल देतो आणि आपल्या अंगणातून किती पाणी रस्त्यावर सोडतो याचा विचार कुणी करत नाही, मला वाटतं खरी गडबड इथंच आहे.

खाली क्रमानं लिहितोय. साईट अजून घ्यायची असेल तर पहिल्या दोन गोष्टी नीट वाचा, घेऊन झाली असेल तर चलनापासून पुढं.

१. आधी तुमची जागा कुणाच्या हद्दीत आहे ते बघा

बेळगाव म्हटलं की सगळं महानगरपालिकेचं असं बाहेरून आलेल्यांना वाटतं, पण तसं नाही. पालिकेचे ५८ वॉर्ड आहेत, त्यात टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ वगैरे येतात. कॅम्पात गेलात तर तिथं कँटोन्मेंट बोर्ड. हिंडलगा, कंग्राळी बुद्रुक इकडं गेलात तर घरं शहराला चिकटलेली दिसतात, पण ती ग्रामपंचायत, तिथली घरपट्टी वेगळी, उतारा वेगळा. निपाणी, खानापूरला अजून वेगळं, तिथं स्थानिक नगरसभा किंवा पट्टण पंचायत, आणि त्यांना १९६४ चा कर्नाटक नगरपालिका कायदा लागतो, बेळगाव पालिकेला १९७६ चा महानगरपालिका कायदा.

हे एवढं का सांगतोय, तर हद्द चुकली की तक्रार चुकीच्या टेबलावर जाते आणि पावसाळा तसाच संपतो. आणि एक प्रकार याहून अवघड, तो म्हणजे नवीन लेआउट, प्लॉट पाडून केलेली वसाहत. लेआउट करणाऱ्यानं रस्ते-गटारं अजून पालिकेच्या किंवा पंचायतीच्या ताब्यात दिली नसतील तर ती दुरुस्त करायची जबाबदारी कुणीच घेत नाही, पालिका म्हणते अजून आमच्याकडं आलं नाही, लेआउटवाला म्हणतो साईट विकून झाल्या. म्हणून घ्यायच्या आधी सरळ विचारा, बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी आहे काय, लेआउट हस्तांतर झालाय काय, झाला असेल तर पत्र दाखवा. तोंडी "होतंय की" यावर जाऊ नका.

२. साईट पावसात बघा, आणि नकाशात नाला शोधा

एप्रिल-मेमध्ये सगळ्याच साईट चांगल्या दिसतात. शक्य असेल तर जुलैत जाऊन बघा, नाहीतर निदान शेजारच्या जुन्या घरातल्या काकूंना विचारा की २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या वर्षीचा पाऊस सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यामुळं उत्तर मिळतंच.

बेळगावात पाणी कुठून कुठं जातं हे थोडं समजून घ्या. पश्चिमेकडं उंच आणि तांबडी जांभ्याची जमीन, पूर्वेकडं शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात काळी माती आणि उतार कमी. शहराच्या त्या बाजूचं पावसाचं पाणी बळ्ळारी नाल्याकडं जातं, आणि नाल्यात गाळ, जलपर्णी, कचरा साठला की पाणी बाजूच्या भातात शिरतं. शेतकरी दरवर्षी ओरडतात, पेपरात फोटो येतात, भाताची रोपं कुजतात. शहरातल्या माणसाला ती शेतकऱ्यांची बातमी वाटते, पण नाला पुढं अडला की पाणी मागं शहरातच थांबतं, सखल भागातल्या घरात शिरतं. म्हणजे शिवारातला नाला मोकळा असणं ही तुमच्या घराची पण गरज आहे.

बुडाच्या मास्टर प्लॅनमध्ये आणि सर्व्हेच्या नकाशात नाला दाखवलेला असतो, जागेवर तो बुजवून सपाट केला असला तरी कागदावर असतो. नकाशात नाला आणि जागेवर सिमेंटचा रस्ता असेल तर ती साईट कितीही स्वस्त असू दे, माझं मत विचाराल तर सोडून द्या. पाणी जुनी वाट विसरत नाही. आणि घराची जोती रस्त्यापेक्षा किती वर आहे ते पण मोजा, कारण रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो आणि जुनी घरं हळूहळू खाली जातात.

नदीकाठचं मात्र वेगळं. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा यांच्या काठावर, म्हणजे निपाणी-चिक्कोडीकडं, नदीच फुगून मागं येते तेव्हा गटार कितीही साफ असलं तरी उपयोग नाही. २०१९ ला यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं होतं. तिथं घर घेणाऱ्यानं पुराची रेषा विचारायची, गटाराची चौकशी नंतर.

३. चलन वाचायला शिका

चलन कन्नडमध्ये असतंय आणि नवीन माणूस तिथंच अडकतो, म्हणून लागणारे शब्द देतो. आस्ती तेरिगे म्हणजे घरपट्टी. घनत्याज्य म्हणजे कचऱ्याचं. चरंडी म्हणजे गटार, ओळचरंडी म्हणजे जमिनीखालचं ड्रेनेज. खाली निवेशन म्हणजे मोकळी साईट. रियायिती म्हणजे सूट आणि दंड म्हणजे दंडच. एवढ्यावर भागतं.

घरपट्टी ठरते कशी, तर सब-रजिस्ट्रार ऑफिसची जी गाईडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारनं ठरवलेला जागेचा भाव, असते त्यावरून जागेची किंमत धरायची, त्यात बांधकामाची किंमत मिळवायची, घर जुनं असेल तर त्याची घसारा वजावट करायची, आणि मग राहतं घर आहे की दुकान यावरून दर लावायचा. फॉर्म आपण स्वतः भरायचा असतो, स्वयंघोषणा पद्धत म्हणतात. मोकळ्या साईटवर पण कर लागतो, काही जणांना हे चार वर्षांनी कळतं आणि तेव्हा दंडासकट भरावं लागतं. तुमच्या मिळकतीला एक पीआयडी नंबर असतो, तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, सगळीकडं तोच लागतो. बेळगाव वनच्या केंद्रात भरता येतं, ऑनलाईन पण भरता येतं.

मूळ करावर सेस लागतात. आरोग्य सेस १५ टक्के, ग्रंथालय सेस ६ टक्के, भिक्षा प्रतिबंधक सेस ३ टक्के, हे तीन मिळून २४ टक्के. म्हणजे मूळ कर ४,००० रुपये असेल तर या तिघांचेच ९६० होतात. कचऱ्याची फी वेगळी. हे सेस त्या त्या कामाला बांधलेले असतात, त्यातून गटार होत नाही. गटाराचा पैसा मूळ करातून यायचा. म्हणून कोणी म्हणालं की "आरोग्य सेस घेता मग गटार का काढत नाही", तर रागात ते बरोबर वाटतं पण हिशोब तसा नाही, भांडायचं तर मूळ करावरून भांडा.

एप्रिलमध्ये वर्षाची घरपट्टी एकदम भरली तर ५ टक्के सूट मिळते. मे-जूनमध्ये सूटही नाही दंडही नाही, जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड चालू होतो. महिन्याला २ म्हणजे वर्षाला २४, बँकेत एफडीवर याच्या जवळपासही मिळत नाही, तेव्हा भरून मोकळं व्हा. जुनं घर घेताना आधीच्या मालकाची थकबाकी आहे काय ते आधी बघा कारण थकबाकी मिळकतीवर बसते, आणि खरेदी झाली की लगेच खात्यावर, म्हणजे पालिकेतल्या मिळकतीच्या नोंदीवर, नाव चढवून घ्या. खाता जुन्या नावावर असला की पुढं तक्रारीला गेल्यावर "हे तुमचं घर कशावरून" इथून सुरुवात होते.

ग्रामपंचायत हद्दीत असाल तर ई-स्वत्तूवरचा, म्हणजे पंचायतीतल्या मिळकतींच्या सरकारी ऑनलाईन नोंदीतला, ९ आणि ११ नंबरचा फॉर्म बघा, चलन पंचायतीचं.

मग वेगळी फी कुठं असते?

हे विचारणारे बहुतेक ज्यांची मुलं बाहेर आहेत ते लोक. अमेरिकेत बऱ्याच शहरात घरमालकाला पावसाच्या पाण्याचं वेगळं बिल येतं. तिथला विचार असा की तुमच्या जागेतली जी जमीन पाणी पीत नाही, म्हणजे छप्पर, काँक्रिट, पार्किंग, ती मोजायची. सरासरी घराचं असं कडक क्षेत्रफळ म्हणजे एक युनिट धरायचं, आणि एखाद्या मॉलचं क्षेत्रफळ त्याच्या ५० पट असेल तर त्याला ५० युनिटचं बिल. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्यू शहरानं १९७४ मध्ये यासाठी वेगळा विभागच काढला, ते सुरुवातीच्या शहरांपैकी एक. जर्मनीत सांडपाण्याचं बिल नळाच्या पाण्याच्या वापरावर आणि पावसाच्या पाण्याचं बिल झाकलेल्या जमिनीवर, अशी दोन वेगळी बिलं करतात, आणि छतावर गवत लावलं किंवा पाणी जागेतच मुरवलं तर कमी होतात. सगळीकडं लोकांनी हसत भरलं असं पण नाही, मेरीलँडमध्ये २०१२ ला असा कायदा आला तर लोकांनी त्याला पावसावरचा टॅक्स म्हणून नाव ठेवलं आणि २०१५ ला त्यातली सक्ती काढावी लागली.

आपल्याकडं तुम्ही अंगणात फरशी घातली की माती ठेवली याचा घरपट्टीशी काही संबंध नाही. मला स्वतःला ही त्यांची मोजायची पद्धत पटते, कारण त्यात माणसाला कळतं तरी की आपण किती पाणी बाहेर सोडतोय. फी नसली तरी तो हिशोब आपण घरी करू शकतो, आणि करायला पाहिजे.

४. तुमच्या जागेतून किती पाणी जातं ते काढा

सोपं आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. म्हणून एका गुंठ्यावर १ मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर, एवढं लक्षात ठेवा.

३०-४० ची साईट म्हणजे १,२०० चौरस फूट, एक गुंठा आणि वर थोडं. त्यावर घर, बाजूला सगळी फरशी, गेटपर्यंत काँक्रिट, म्हणजे एक गुंठा तरी पाणी न पिणारा झाला. दिवसात ५० मिमी पडला, जुलैत बेळगावात हे काही नवल नाही, तर ५,००० लिटर. एक टँकर. तो तुम्ही एका दिवसात गटारात ओतला. गल्लीत ४० घरं धरा आणि पुढचा आकडा तुम्हीच काढा. गटाराची रुंदी मात्र जुनीच, जेव्हा त्या गल्लीत दहा घरं आणि बाकी चिंचेची-आंब्याची झाडं होती तेव्हाची.

शहरात वर्षाला १,३०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबर. खानापूरकडं घाट जवळ करत गेलात, कणकुंबीकडं, तर याच्या कितीतरी पट. उलट अथणी-रायबागला पाऊस कमी, तिथं पाणी घालवायचा प्रश्न नाही, साठवायचा आहे, तिथल्या लोकांनी पुढं सहाव्या मुद्द्यात सांगितलेली टाकीची गोष्ट आधी करावी.

५. गटार आणि ड्रेनेज एक करू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नव्या घरात हीच गोष्ट गवंडी-प्लंबर सोयीनं बिघडवून ठेवतात. रस्त्याकडेचं उघडं किंवा फरशीनं झाकलेलं गटार पावसाच्या पाण्यासाठी. जमिनीखालची युजीडी लाईन संडास-बाथरूम-मोरीच्या पाण्यासाठी. छपराचा पाईप जवळ पडतो म्हणून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडला की मोठ्या पावसात युजीडी लाईन भरते, मॅनहोलची झाकणं उचलली जातात, आणि खालच्या बाजूला ज्यांचं तळमजल्याचं घर आहे त्यांच्या संडासातून पाणी उलटं वर येतं. पाईप तुमचा आणि घाण दुसऱ्याच्या घरात, हे कुणालाच बरं वाटणार नाही. उलटही करू नका, मोरीचं पाणी गटारात सोडलं की तेच नाल्यातून शेतात जातं.

घर ताब्यात घेताना प्लंबरला उभं करून छपरावर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठं निघतं ते डोळ्यांनी बघा. चुकीचं जोडलं असेल तर पाईप बदलायला खर्च फार नाही. तळमजला सखल असेल तर चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवून घ्या.

गेटसमोर गाडी चढवायला गटारावर काँक्रिटचा पक्का रॅम्प घालतात, तो घालू नका. खाली गाळ साठला तर काढायला जागाच राहत नाही, कामगार येतात, दोन्ही बाजूचं काढतात, तुमच्यासमोरचं तसंच. उचलता येणारी फरशी किंवा लोखंडी जाळी टाका.

६. पाणी जागेतच जिरवा, पण माती बघून

पश्चिम भागात, जांभ्याच्या जमिनीत, शोषखड्डा चांगला चालतो. साधारण एक मीटर लांब, एक रुंद, दीड-दोन मीटर खोल, खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. घराच्या पायापासून तीन मीटर तरी लांब, सेप्टिक टँकपासून पण लांब. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी छपरावरची धूळ, पानं, पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते बाहेर जाऊ द्या, नंतर खड्ड्याकडं वळवा. दरवर्षी मेमध्ये वरची वाळू काढून धुऊन घाला, नाहीतर दोन वर्षांत गाळ बसून बंद पडतो.

काळ्या मातीत हे करू नका. ती माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही, खड्डा भरून उभा राहतो आणि पायाला ओल लागते. तिकडं टाकी करा, गाड्या-झाडांना वापरा, आणि जास्तीचं उतारानं गटारात.

जुन्या भागात घरामागं आड-विहीर असेल तर तुमचं नशीब. बेळगाव विहिरींचं गाव, टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून आहे. नळ आले तशा कित्येक विहिरी कचऱ्यानं भरल्या, कित्येकांवर स्लॅब पडला. तुमच्याकडची असेल तर बुजवू नका, गाळ काढून छपराचं पाणी गाळून तिच्यात सोडा. फक्त छपराचं. अंगणातलं, रस्त्यावरचं पाणी विहिरीत कधीच नको, त्यात ऑईल आणि घाण असते.

आणि जमेल तिथं फरशी कमी करा. गाडीच्या चाकापुरते दोन पट्टे पक्के, मध्ये माती-गवत, एवढं केलं तरी हिशोबातले शंभर-शंभर लिटर कमी होत जातात.

७. तुंबलं तर कुणाला सांगायचं

गाळ काढणं, कचरा उचलणं हे पालिकेच्या आरोग्य विभागाचं. फुटलेलं गटार बांधणं, फरशी घालणं, रुंद करणं हे इंजिनिअरिंग विभागाचं. अर्ज करताना हे वेगळं करा, एकाच अर्जात दोन्ही लिहिलं की एक टेबल दुसऱ्याकडं पाठवतं. गटारं बांधणं आणि साफ ठेवणं ही पालिकेची बंधनकारक कामं आहेत, १९७६ च्या कायद्याच्या ५८ कलमात ती यादी आहे, अर्जात एक ओळ तेवढी लिहा.

अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात द्या, वळीव यायच्या आत. जूनमध्ये सगळं शहर एकदम तक्रार करतं तेव्हा तुमचा नंबर कधी लागणार. कन्नडमध्ये लिहून घेतला तर काम लवकर होतं हा सगळ्यांचा अनुभव आहे, गल्लीत कन्नड शाळेत शिकलेलं कोणी ना कोणी असतंय, त्यांच्याकडून लिहून घ्या, मराठी प्रत स्वतःकडं ठेवा. पीआयडी, चालू वर्षाच्या चलनाची झेरॉक्स, तारखेसकट फोटो, गटाराच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठं अडलंय त्याचा हातानं काढलेला नकाशा, आणि गल्लीतल्या आठ-दहा जणांच्या सह्या. एका प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका. एक प्रत नगरसेवकाला.

पावसाळा येऊनही काही झालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. कर्नाटकात नियम आहे की अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, जास्त लिहिलं तर परत येऊ शकतो. म्हणून भाषण लिहू नका, एवढंच विचारा: अमुक वॉर्डात अमुक रस्त्याच्या गटाराचा गाळ मागच्या वर्षी कोणत्या तारखांना काढला, काम कुणाला दिलं होतं, बिल किती दिलं, मोजमाप पुस्तकातल्या त्या पानांची प्रत द्या. मोजमाप पुस्तक म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची सरकारी वही, तिची प्रत मागितली की उत्तर मोघम देता येत नाही, काम झालं असेल तर पान असतं, झालं नसेल तर नसतं, आणि तो कागद घेऊन पुढच्या एप्रिलच्या अर्जाला जोडायचा.